थेट नेमणूक की कंत्राटदाराचा माणूस? गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कारखाना मालकांसाठी

कंत्राटदार स्वस्त पडतो, हा समज आधी तपासा. त्याने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो भरून देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे तुमच्यावरच येते. शिवाय त्याचं कमिशन वेगळं.

खरा घोळ भविष्य निर्वाह निधीत होतो. कंत्राटदार बदलला की जुना कंत्राटदार कामगाराने काम सोडल्याची तारीखच नोंदवत नाही, नवा दुसराच यूएएन (कामगाराचा निधीचा कायमचा क्रमांक) काढतो आणि कामगाराचे पैसे दोन खात्यांत अडकतात. म्हणून बिल मंजूर करण्याआधी त्या महिन्याचं निधी भरल्याचं चलन आणि कामगारांची नावनिशी यादी मागा. भरणा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत व्हायला हवा. नुसतं चलन पुरत नाही, यादीत तुमचीच माणसं आहेत का ते पाहा.

थेट नेमणुकीत हजेरी, पगारपत्रक, ईएसआय म्हणजे कामगार राज्य विम्याची वर्गणी (पगाराच्या मालक 3.25 टक्के, कामगार 0.75) सगळं तुमच्याच हातात. कागदपत्रं वाढतात, हे खरं.

काम ठरावीक काळापुरतंच असेल, तर थेट मुदतीचा करार करा. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीही मिळते. बारमाही यंत्रावरच्या माणसाला मात्र कायम नोकरीतच घ्या.