अ‍ॅडापॅलीन जेल अकरा महिने, सुया चार वेळा: माझ्या गालाचा हिशेब

०.१ टक्का अ‍ॅडापॅलीन हे मुरमांवरचं जेल रात्री लावायला लागून अकरा महिने झाले. दुसऱ्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या.

वय ३१, रंग सावळा. कॉलेजात मुरमं आणि ती फोडायची खोड, म्हणून पोरं मला 'हायवे' म्हणायची, तेही पावसाळ्यानंतरचा. मध्यंतरी मेडिकलवाल्यानं दिलेली एक क्रीम लावली. तीन आठवडे चेहरा तुकतुकीत, सोडल्यावर मुरमं दुप्पट. तिच्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं.

इतकी वर्षं मी सगळ्यालाच 'डाग' म्हणत आलो, घोळ तिथेच होता. स्किनच्या डॉक्टरांनी खोलीतला लाइट बंद केला, टॉर्च बाजूनं धरला आणि हातात आरसा दिला. काळपट पण सपाट दिसलं ते डाग, म्हणजे मुरूम बरं होताना साचलेलं मेलॅनिन हे रंगद्रव्य. ज्यांची सावली पडली ते खड्डे, तिथलं आतलं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिनच गेलेलं. त्यांच्यातही जाती आहेत. टाचणीनं टोचल्यासारखे अरुंद नि खोल ते आइसपिक. देवीच्या वणांसारखे, उभ्या कडांचे ते बॉक्सकार. गाल ताणला की दिसेनासे होतात ते रोलिंग. त्यांना आतले तंतू खाली ओढून धरतात. माझ्याकडे तिन्ही.

आता जेल. वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला, तोंड पूर्ण कोरडं झाल्यावर. पहिले सहा आठवडे हाल झाले. नाकाशेजारची कातडी सोलली, हनुवटीवर नव्या पुटकुळ्या आल्या. आई म्हणाली, "पैसे देऊन तोंड खराब करून घेतोयस, त्यापेक्षा साय-हळद लाव." सलूनमध्ये दाढीनंतर त्यानं सवयीनं तुरटी फिरवली आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग आधी मॉइश्चरायझर आणि जेल एक रात्र सोडून, असं सुरू केल्यावर निभावलं. तिसऱ्या महिन्यात नवी मुरमं जवळपास थांबली, सहाव्यापर्यंत डाग निम्म्याहून फिके झाले. त्यातलं बरंचसं श्रेय सनस्क्रीनचं. गणपतीत आठवडाभर ते लावायचं राहिलं, मिरवणुकीत ऊन खाल्लं, आणि विसर्जनानंतर बघतो तर डाग पुन्हा गडद.

बायकोनं ट्यूब मागितली तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारलं, मुलाचा विचार चाललाय का? चालला होता. मग हे जेल नको म्हणाले.

आणि खड्डे? जैसे थे.

म्हणून सातव्या महिन्यापासून मायक्रोनीडलिंग. बधिर करणारं मलम लावून तासभर बसायचं, मग दीड मिलिमीटरच्या सुया. बारीक जखमा करून त्वचेला नवं कोलॅजन बनवायला लावायचं, एवढीच युक्ती. कपाळावर, हाड जवळ असतं तिथे, मलम लावूनही झोंबतं. दोन दिवस तोंड लाल, आणि त्या दिवसांत जेल बंद. दोन बैठकींत महिन्याचं अंतर. दुसऱ्या वेळी सबसिजनही केलं: सुई आडवी घालून रोलिंगचे तंतू तोडले. गाल आठवडाभर निळा होता, ऑफिसात बाइकवरून पडलो म्हणून सांगितलं.

चार बैठकींनंतर रोलिंग बरेच वर आलेत, बॉक्सकारच्या कडा बोथट झाल्यात, आइसपिक ढिम्म. त्यांच्यासाठी टीसीए क्रॉस सुचवलंय, म्हणजे टूथपिकसारख्या टोकानं खड्ड्याच्या तळाशी जहाल आम्ल लावायचं. सावळ्या कातडीवर त्यानं काळं पडायची भीती असते. निम्मे फिके केलेले डाग पुन्हा ओढवून घ्यायला अजून मन धजत नाही.

जेलचा खर्च किरकोळ. सुयांच्या पैशात मात्र बरा फोन आला असता. मुरमं आणि डागांसाठी जेलला पाचपैकी साडेचार, खड्ड्यांसाठी एक. सुयांना साडेतीन, त्यातला अर्धा एका गोष्टीसाठी जी कुणी सांगितली नव्हती: दाढी करताना ब्लेड उजव्या गालावर अडकायचं, ते आता अडकत नाही.