‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’: १९५१चा बघावा की २००८चा?

क्लाटू नावाचा परग्रहवासी गॉर्ट या महाकाय यंत्रमानवासह पृथ्वीवर उतरतो, एवढी गोष्ट दोन्ही चित्रपटांत सारखी आहे. एकच संध्याकाळ हाताशी असेल तर १९५१चा कृष्णधवल लावा, असं मी बिनदिक्कत सांगेन.

रॉबर्ट वाइझ यांचा हा चित्रपट शीतयुद्धाच्या काळातला. यान वॉशिंग्टनमध्ये उतरतं. क्लाटू एक वस्तू पुढे करतो, ती खटकन उघडते आणि बावचळलेला सैनिक गोळी झाडतो. वस्तू मोडते. राष्ट्राध्यक्षांसाठी आणलेली ती भेट होती, तिच्यातून इतर ग्रहांवरचं जीवन अभ्यासता आलं असतं, हे जखमी क्लाटू शांतपणे सांगतो. भीतीपायी माणूस काय गमावतो, हे समजायला मग वेगळं भाषण लागत नाही. पुढे त्याला सगळ्या देशांच्या प्रतिनिधींशी बोलायचं असतं, तर बैठक कुठे घ्यायची यावरच देशांचं अडतं! तो जगभरातली वीज अर्धा तास बंद पाडतो, पण रुग्णालयं आणि उडती विमानं वगळून. मायकल रेनीने क्लाटूचा हा संयम फार सुरेख उभा केलाय. बर्नार्ड हरमनच्या संगीतातला थेरेमिनचा (हात न लावता वाजवायच्या विजेवरच्या वाद्याचा) थरथरता सूर तर अंगावर काटा आणतो.

स्कॉट डेरिक्सन यांच्या २००८च्या आवृत्तीत कीआनू रीव्ह्ज आहे, यान न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उतरतं आणि जुन्या चित्रपटातल्या अण्वस्त्रांच्या धोक्याच्या जागी पर्यावरणाचा नाश येतो. विषय आजच्या माणसाला जवळचा, कल्पनाही चांगली. पण चित्रपट विध्वंसाच्या दृश्यांत रमतो आणि माणसांबद्दलचं क्लाटूचं मत घाईघाईत बदलतं. जॉन क्लीजच्या प्राध्यापकासोबतचा फळ्यापाशी घडणारा प्रसंग तेवढा मनापासून आवडला.

जुन्यातही एक गोष्ट खुपते. क्लाटूच्या जगातली शांतता गॉर्टसारख्या यंत्रमानवांच्या धाकावर टिकलेली आहे, आणि पृथ्वीलाही तो तीच अट घालतो. धाकाने आलेल्या शांततेला शांतता म्हणायचं का? माझ्या मते नाही. पण हा वाद घालावासा वाटतो तो जुना चित्रपट पाहूनच.

घरातली मुलं कृष्णधवल म्हटल्यावर नाक मुरडत असतील, तर त्यांना जुना फक्त ९२ मिनिटांचा आहे हे सांगा. नवा त्याहून १२ मिनिटांनी मोठा आहे.