गाजलेले व्यावसायिक नाटक की स्पर्धेतला हौशी प्रयोग?

सगळ्यांनी वाखाणलेल्या एका नाटकाने माझी निराशा केली, हे कळल्यावर भाचीने विचारले, "मामा, मग रविवारी त्याच नाटकाला कालिदासला जाऊ, की साईखेडकरला राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग पाहू?" कालिदास आणि साईखेडकर ही आमच्या नाशिकमधली दोन नाट्यगृहे.

खर्चाचा प्रश्न लवकर सुटतो. कालिदास कलामंदिरात पुढच्या रांगेसाठी मी ५०० रुपये मोजले होते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या स्पर्धेचे तिकीट चहा-वड्याच्या पैशांत मिळते.

अभिनयाचे मात्र इतके सोपे नाही. व्यावसायिक नटांची वाणी शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचते आणि नेपथ्य डोळ्यांत भरते. पण त्या प्रयोगात नायक प्रवेश करताच टाळ्यांसाठी थांबला आणि आईच्या आजारपणाचा प्रसंग त्याने हशा मिळेपर्यंत ताणला, तेव्हा पात्र संपून केवळ नट उरला. याउलट स्पर्धेत एका मुलीने साडीची तीच घडी मोडून पुन्हा पुन्हा घालताना, एकही शब्द न उच्चारता, जे एकाकीपण दाखवले ते मी विसरलेलो नाही.

अर्थात तिथे संवाद अडखळतात, प्रकाशयोजना चुकते आणि संहिता कधी फार बोजड असते. तरीही वसंत कानेटकरांनी ज्या शहरात राहून नाटके लिहिली, तिथे नव्या संहितांना प्रेक्षक मिळालाच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आई-वडिलांसोबत निवांत संध्याकाळ हवी असेल, तर कालिदासचे नाटक योग्य. ज्याला स्वतः लिहायचे आहे आणि एखादा फसलेला प्रयोग सोसायची तयारी आहे, त्याने साईखेडकर गाठावे. भाची एकांकिका लिहिते. तिला मी तिथेच जायला सांगितले.