ट्यून केलेल्या टर्बो गाडीत मोठा हाय-प्रेशर फ्युएल पंप: काही महिने चालवल्यानंतर

नुसता मोठा हाय-प्रेशर पंप, म्हणजे इंजेक्टरकडे इंधन दाबाने ढकलणारा पंप, बसवून गाडीची ताकद वाढत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न 'किती हॉर्सपॉवर वाढली?' हाच आहे. शून्य. ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग) तीच ठेवून पंप बदललात तर खालच्या आणि मधल्या आरपीएमला गाडी होती तशीच चालते. फरक पडतो तो वर, फुल थ्रॉटलला, आणि तोही आधी तिथे इंधन कमी पडत असेल तरच.

माझ्या गाडीत पडत होतं. फोक्सवॅगनचं २ लिटरचं ईए ८८८, तिसऱ्या पिढीतलं इंजिन. टर्बो मूळच्यापेक्षा मोठा, ट्यून त्याला साजेशी, आणि टाकीत इथेनॉलचं प्रमाण बऱ्यापैकी. कंपनीच्या पंपावर लॉग (चालत्या गाडीतल्या सेन्सरची नोंद) काढला की पाच हजारांपर्यंत सगळं आलबेल. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, २०० बार मागतोय, रेलमध्ये (इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या नळीत) २०० च्या आसपास मिळतंय. त्यापुढे मिळणाऱ्या दाबाची रेघ मागणीच्या रेघेला सोडून खाली यायला लागायची आणि रेडलाइन जवळ येईपर्यंत १४० वर टेकायची. गंमत म्हणजे चालवताना हे फारसं जाणवत नाही. गाडी ओढतच असते. कधी जरा मंदावल्यासारखी वाटली तर हवा गरम असेल म्हणून आपण सोडून देतो. मग एक दिवस पी००८७ (रेलमधला दाब कमी) कोड येतो, गाडी लिंप मोडला जाते, म्हणजे स्वतःहून ताकद कमी करते, आणि तेव्हा कुठे माणूस लॉग उघडतो.

इंजेक्टरमधून जाणारं इंधन दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. म्हणजे २०० चे १४० बार झाले की तेवढ्याच वेळात साधारण १६ टक्के इंधन कमी. ईसीयू ही तूट इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून भरून काढायला बघतो, पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारताना, वेळच मुळात तोकडा. ६००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. इनटेक आणि कॉम्प्रेशन हे दोन्ही स्ट्रोक पूर्ण धरले तरी हातात तेवढाच वेळ, आणि त्यातला कामाचा भाग आणखी कमी. पोर्ट इंजेक्शनमध्ये (इंधन व्हॉल्व्हच्या आधीच, हवेच्या वाटेत) व्हॉल्व्ह बंद असतानाही फवारून ठेवता येतं, ती सोय इथे नाही. उशिरा पडलेलं इंधन नीट मिसळत नाही. शिवाय एवढं करूनही तूट भरली नाही की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी), नॉक येतो (मिश्रण अवेळी पेटतं) आणि ईसीयू ठिणगीचं टाइमिंग मागे घेतो. त्यात इथेनॉल असेल तर भूक आणखी मोठी. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, ई८५ ला (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) ते ९.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला वजनाने जवळजवळ दीडपट इंधन.

पण पंप मागवण्याआधी एक काम करा. टाकीतल्या पंपाचा दाब त्याच लॉगमध्ये घ्या. हाय-प्रेशर पंपाला खालून भरपूर इंधन मिळालं तरच तो ते दाबून पुढे ढकलणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? फुल थ्रॉटलला लो-प्रेशर बाजूही कोसळत असेल तर दोष टाकीतल्या पंपाचा किंवा तुंबलेल्या फिल्टरचा असू शकतो, आणि मोठा पंप बसवल्यावर तीच तूट वाढेल. माझ्याकडे खालचा दाब ठाम होता. हाय-प्रेशर पंपातल्या कंट्रोल व्हॉल्व्हची कमांड शेवटाला टेकलेली, म्हणजे पंप देता येईल तेवढं सगळं देत होता आणि तरी रेल प्रेशर पडत होतं. असं चित्र दिसलं तरच पंपाकडे बोट दाखवावं. हे न बघता पंप बदलणारे बरेच दिसतात. मला ते पटत नाही.

जुन्या पंपात मोठा प्लंजर (इंधन दाबणारा दांडा) बसवायचे किटही मिळतात. मी पूर्ण पंपच घेतला. प्लंजर आणि त्याच्या स्लीव्हमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते, ते काम गॅरेजच्या टेबलावर उघडून करावंसं वाटलं नाही. तक्रार एकच. खोक्यातला माहितीचा कागद अगदीच कामचलाऊ होता, त्यात बोल्टचा टॉर्कसुद्धा दिलेला नव्हता. इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून आकडे काढावे लागले.

बसवणं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. रेलमधला दाब आधी उतरवायचा. पंपाला ढकलणाऱ्या कॅमचा लोब (उंचवटा) पंपाखालून सरकलेला असेल असं इंजिन हाताने फिरवून घ्यायचं, नाहीतर आतली स्प्रिंग पंपाला तिरका उचलते. दोन्ही बाजूंचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करायचे. ओ-रिंग नवी, तेल लावून. पंप निघाला की खालचा फॉलोअर (कॅम आणि पंपाच्या मधला रोलरवाला भाग) बाहेर काढून उजेडात धरा. माझ्याकडचा रोलर आरशासारखा गुळगुळीत होता, नख फिरवलं तरी कुठे अडकलं नाही, पिनमध्येही खेळ नव्हता. ओरखडा किंवा खळगा लागला असता तर नवा पंप त्यावर बसवलाच नसता. पहिल्यांदा स्टार्ट करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पाइपमधली हवा निघेपर्यंत. त्याची काळजी करू नका.

खरी कटकट त्यानंतरची. या पंपात प्रत्येक स्ट्रोकला व्हॉल्व्ह नेमका कधी बंद करायचा हे ईसीयू ठरवतो. त्याआधी ढकललेलं इंधन परत लो-प्रेशर बाजूला जातं. प्लंजर मोठा झाला की तेवढ्याच इंधनासाठी व्हॉल्व्ह उशिरा बंद करायला हवा. जुन्या पंपाचेच आकडे ट्यूनमध्ये राहिले तर आयडलला रेल प्रेशर वरखाली हेलकावत राहतं. माझ्याकडे नेमकं हेच झालं. ट्यूनरने पंपाचं टेबल बदलल्यावर रेघ सरळ झाली. पंप आणि ट्यून ही एकच खरेदी समजा.

आता वर मागणीची आणि प्रत्यक्षाची रेघ एकमेकींवर बसलेली असतात. त्यानंतर ट्यूनरने वरच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि टाइमिंग वाढवलं, आणि ताकद जी काय वाढली ती तिथून. पूर्वी साडेपाच हजारांना गिअर टाकावासा वाटायचा, आता गाडी रेडलाइनपर्यंत जोर सोडत नाही. मायलेज आहे तेच. सकाळी थंड इंजिनाला टिकटिक जरा वाढली आहे. काच खाली करून भिंतीजवळून गेलं की ऐकू येते, एरवी नाही.

जोर वाढला त्याची किंमत कॅम आणि फॉलोअरने मोजायची असते. समजा प्लंजर ८ मिमीचा होता, तर २०० बारला त्यावर सुमारे १०० किलोचा भार येतो, ९.२ मिमीला तोच १३५ च्या आसपास जातो. ईए ८८८ मध्ये लोब चार आहेत, म्हणजे कॅमच्या प्रत्येक फेऱ्याला हा दणका चार वेळा. म्हणून काही महिन्यांनी फॉलोअर पुन्हा काढून पाहिला. रोलरवर हलकी चकाकीची पट्टी, बाकी काही नाही. ऑइल मात्र आता लवकर बदलतो आणि डिपस्टिक नियमाने बघतो. प्लंजरचं सील गळायला लागलं तर पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळी न भरता वाढली किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा उग्र वास आला तर गाडी चालवणं तिथेच थांबवा. अजून तरी तसं काही नाही.

कंपनीचाच टर्बो, स्टेज १ (फक्त ट्यून बदललेली) आणि साधं पेट्रोल असेल, लॉगमध्ये रेघा एकमेकींना धरून असतील, तर हा खर्च करू नका. मोठा टर्बो किंवा जास्त इथेनॉल असेल तर हा पंप बहुतेक लागतोच. माझ्या लॉगमध्ये आता टाकी पाव भरलेली असताना फुल थ्रॉटलला लो-प्रेशर बाजू किंचित वाकते. रेल प्रेशरवर अजून परिणाम नाही, त्यामुळे टाकीतला पंप सध्या तसाच ठेवलाय. टाकी पावाच्या खाली गेली की गाडी ताणत नाही, इतकंच.