चार ट्यूबच्या पोर्ट्रेट सेटवर स्वतःचंच थोबाड रंगवून बघितलं

पाचपैकी साडेतीन. अर्धा कापलाय लाल ट्यूबसाठी, अर्धा पांढऱ्यासाठी आणि उरलेला अर्धा सेटसोबत आलेल्या माहितीपत्रकासाठी, त्याबद्दल खाली रागाने लिहिलंय.

सेट म्हणजे ऑइल कलरच्या चार ट्यूबा, टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक. निळा नाही, हिरवा नाही, ब्राऊनसुद्धा नाही. असे सेट बऱ्याच कंपन्या काढतात आणि तुमच्या हातात कुठला पडेल कोण जाणे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत बसत नाही, ट्यूब उलटी करून मागे काय वाचायचं ते लिहिते.

मुळात ही चार रंगांची आयडिया आली कुठून तर आंदेर्स झॉर्न नावाचा स्वीडिश चित्रकार (१८६० ते १९२०), त्याचं १८९६ चं सेल्फ पोर्ट्रेट आहे त्यात त्याच्या हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात, म्हणून याला झॉर्न पॅलेट म्हणतात. त्याच्याकडे लाल म्हणजे हिंगूळ होता, पाऱ्याचा असतो तो, आता त्याच्या जागी कॅडमियम देतात. प्रत्येक चित्र त्याने या चारातच उरकलं असं मात्र समजू नका. आणि कल्पना त्याच्याही आधीची आहे, जुन्या ग्रीक चित्रकारांबद्दल लिहिताना रोमन लेखक प्लिनी पण पांढरा, पिवळा, लाल, काळा असे चारच रंग सांगतो.

आता लाल ट्यूब. पुढे मोठ्या अक्षरात कॅडमियम रेड आणि त्याच्या शेजारी मुंगीएवढं ‘ह्यू’. ह्यू म्हणजे दिसायला तसा, आत कॅडमियम नाहीच. मागे रंगद्रव्याचा कोड बघा, खरं कॅडमियम असेल तर पीआर १०८ लिहिलेलं असतं, माझ्यावर होतं पीआर ११२, म्हणजे नॅफ्थॉल रेड. वाईट रंग नाहीये तो, पण पांढऱ्यात घातला की गुलाबीकडे पळतो. खरं कॅडमियम पांढऱ्यात जाऊनही थोडं उबदार, नारिंगीकडे राहतं आणि खालचं झाकतं, हा अर्धा पारदर्शक आणि वर भलताच जोरदार. पहिल्या दिवशी गालावर लावला आणि लग्नात कुणीतरी जबरदस्तीने रूज फासल्यासारखी दिसायला लागले. नंतर जमलं ते असं की लाल थेट पांढऱ्यात घालायचाच नाही, आधी ऑकरमध्ये मिसळून विटकरी करून घ्यायचा आणि मग पांढरा, तोही रंग मिसळायच्या सुरीच्या टोकाने.

पांढऱ्याची तक्रार दोन प्रकारची. एक तर चारही ट्यूबा एकाच मापाच्या. अरे, पोर्ट्रेटमध्ये सगळ्यात जास्त संपतो तो पांढरा, तिसऱ्या बैठकीला मी ट्यूब खालून गुंडाळत होते आणि काळ्याचं पोट जसंच्या तसं. दुसरं म्हणजे मागे पीडब्ल्यू ६ सोबत पीडब्ल्यू ४ पण, म्हणजे टायटॅनियममध्ये झिंक मिसळलेलं. झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होतो, तडकतो, पापुद्रे सुटतात, हे आता बऱ्यापैकी माहिती झालेलं आहे. सरावाला चालतंय, पण चित्र ठेवायचं असेल तर नुसत्या पीडब्ल्यू ६ ची वेगळी मोठी ट्यूब घ्या. रंग करडईच्या तेलात घोटलाय, ते पांढऱ्यासाठी ठीक, जवसाच्या तेलापेक्षा कमी पिवळं पडतं, फक्त वाळायला वेळ घेतं.

ऑकर मात्र एक नंबर. पीवाय ४३, म्हणजे खरी माती, जरा रवाळ लागते सुरीखाली आणि त्या रवाळपणाची मला मजा आली. दोन-तीन दिवसात वाळते. टोपण तेवढं दुसऱ्याच दिवशी घट्ट बसलं, ते पकडीने पिळू नका, ट्यूबच फाटते, मिनिटभर गरम पाण्यात उलटं धरा, सुटतं.

आणि आयव्हरी ब्लॅक. नावात हस्तिदंत आहे पण आता जनावरांची हाडं जाळून करतात, पीबीके ९. उघडल्या उघडल्या चमचाभर तेल बाहेर आलं आणि मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण सेटमधली खरी गंमत याच ट्यूबमध्ये आहे. काळ्यात पांढरा घातला की जो राखाडी होतो तो थंड, निळसर असतो, आणि शेजारी विटकरी कातडीचा रंग आला की डोळा त्याला सरळ निळाच म्हणतो. माझा शर्ट राखाडी रंगवला होता, बहीण बघून म्हणाली, “निळा कुठून आणलास गं? चारच ट्यूबा होत्या ना?” मी पॅलेटवरचा तोच राखाडी तिच्या हातातल्या पांढऱ्या कागदावर लावून दाखवला, तिथे तो चुलीतल्या राखेसारखा दिसला. तिला वाटलं मी काहीतरी लपवतेय. काळा आणि ऑकर मिसळला तर ऑलिव्ह हिरवा, हनुवटीखालच्या सावलीला आणि डोळ्याखालच्या वर्तुळांना अगदी हवा तसा (वर्तुळं माझी स्वतःची, सेटसोबत येत नाहीत).

मिळत नाही ते मिळतच नाही, पोपटी, जांभळा, चकचकीत निळा विसरा. माझी जांभळी ओढणी तीन वेळा रंगवून तीन वेळा खरवडली आणि शेवटी विटकरी करून टाकली.

आता त्या माहितीपत्रकाबद्दल. ‘स्किन टोन’ म्हणून एकच मिश्रण दिलंय, भरपूर पांढरा, थोडा ऑकर, थेंबभर लाल. ते कुणाचं कातडं आहे माहीत नाही, माझं नाही. मी सावळी आहे, त्या मिश्रणात काळा घालून गडद करायला गेले तर ऑकर आणि काळ्याने मिळून चेहरा शेवाळलेल्या भिंतीसारखा हिरवा केला. दोन तास वाया. उलट सुरुवात केली तेव्हा जमलं, आधी पांढरा बंद, ऑकर आणि लाल जवळपास सारखे, त्यात काळा अगदी कणाकणाने, हिरवट वाटलं की परत लाल, आणि हा झाला मधला रंग. उजेडाच्या बाजूला त्यात ऑकर वाढवत न्यायचा आणि पांढरा सगळ्यात शेवटी. सावळ्या कातडीवर कपाळाची, नाकाच्या शेंड्याची चमक जवळजवळ निळसर असते, तिथे काळ्या-पांढऱ्याचा राखाडी लावला आणि एका फटक्यात नाक कॅनव्हासमधून बाहेर आलं. हे चार ओळीत छापता आलं असतं की नाही? कपाळ जरा पिवळट, गाल-नाक-कान लालसर, जबड्याकडे राखाडी, हे पण कुठे लिहिलेलं नाही.

डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो हे मला वाचून माहिती होतं, तरी हात गेलाच, ट्यूबमधला कोरा पांढरा लावला आणि दिवा लागल्यावर दचकलेलं घुबड तयार. मग पुसून राखाडी आणि चिमूटभर कातडीचा रंग, वरच्या पापणीखाली अजून गडद. तेव्हा कुठे नजर शांत झाली.

आरशाचं एक सांगते, सेटशी संबंध नाही पण उपयोगी पडेल. आरशावरच मार्करने चेहऱ्याची बाह्यरेषा काढून बघा, ती खऱ्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी येते, आणि तुम्ही मागे गेलात तरी निम्मीच. मी आरशावर मोजलेलं माप थेट कॅनव्हासवर घेतलं आणि पहिलं डोकं नारळाएवढं झालं. शिवाय आरशातला भांग उलट्या बाजूला, त्यामुळे मला चित्र हुबेहूब वाटत होतं आणि आई म्हणत होती, “तुझ्यासारखी कुणीतरी आहे, तू नाहीस.” आणि रात्री पिवळ्या बल्बखाली रंगवू नका, सकाळी बघितलं तर सगळा चेहरा थंडीने गारठलेला.

वाळण्याचा घोळ माझ्या चुकीचा, सेटचा नाही. काळा सगळ्यात हळू वाळतो आणि त्यात तेल जास्त, मी हौसेने केसांचा जाड काळा थर पहिल्याच दिवशी ठोकला. खाली टर्पेंटाइन घालून पातळ, वर तेलाचं, हा नियम मला पाठ होता. दहा दिवस झाले, ऑकरची मान कडक वाळलीय आणि केस अजून बोटाला लागतात, वर बटा काढायच्यात त्या काढता येत नाहीत. सेटसोबत जवसाच्या तेलाची छोटी बाटली आहे, ती बरी आहे, पण ते तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, हा इशारा बाटलीवर कुठेच नव्हता. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

घ्यावा का? पहिल्यांदा ऑइलमध्ये चेहरा करत असाल आणि बारा ट्यूबांपुढे गोंधळत असाल तर घ्या, यातला ऑकर आणि काळा शेवटपर्यंत वापराल. आधीपासून रंगवत असाल तर चारही सुट्या घ्या, पांढरा मोठा, लाल मागचा कोड वाचून. मी पीआर १०८ ची ट्यूब मागवलीय, गालांवर सुरी फिरवून ते आधीच खरवडून ठेवलेत, त्यामुळे सध्या भिंतीला टेकवलेल्या चित्रात मला गाल नाहीत.