एक संगणक, तीन खाती: सामायिक फोल्डरचा आठ महिन्यांचा अनुभव

कोथरूडच्या आमच्या घरी तापकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडून घेतलेला एकच डेस्कटॉप आहे आणि गेल्या जूनपासून त्यावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली चालते. तो आम्ही तिघे वापरतो: माझे सासरे (बाबा), जे सोसायटीचे खजिनदार आहेत, मी, जी घरून मुद्रितशोधनाची कामे करते, आणि अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली माझी मुलगी. पूर्वी सगळ्यांचे मिळून एकच खाते होते, परंतु मुलीने एका रविवारी डेस्कटॉप ‘आवरताना’ बाबांचे थकबाकीदारांचे पत्रक पुसून टाकले, तेव्हा प्रत्येकाचे खाते वेगळे करायचे ठरले. काही फायली मात्र तिघांनाही उघडता आणि बदलता आल्या पाहिजेत अशी अट होती. सोसायटीची पत्रे बाबा लिहितात, शुद्धलेखन मी तपासते आणि छपाई मुलगी करते.

पहिल्याच दिवशी अडले. बाबांनी सामायिक फोल्डर स्वतःच्या होममध्ये, म्हणजे आपल्या खात्याच्या खासगी फोल्डरात, ठेवला आणि मला तो दिसेचना. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचे होम ७५० परवानगीने तयार होते (तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचे किंवा फोल्डरात शिरण्याचे १), म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना आत डोकावताही येत नाही. आतल्या फोल्डरला कितीही सूट दिली तरी वाटेतला प्रत्येक फोल्डर पार करण्याची परवानगी लागतेच. खोलीला कुलूप नसले तरी वाड्याचा दिंडी दरवाजा बंद असला तर उपयोग नाही. म्हणून सामायिक फोल्डर कोणाच्याच होममध्ये न ठेवता मुळातल्या ‘एसआरव्ही’ या फोल्डरात हलवला. हा निर्णय आजवर एकदाही बदलावा लागलेला नाही.

त्यानंतर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने सगळ्यावर सरसकट ७७७, म्हणजे सर्वांना सर्व परवानग्या, लावून दिले आणि तीन दिवस सगळे सुरळीत चालले. चौथ्या दिवशी बाबांनी केलेले नवे पत्र माझ्याकडे केवळ वाचण्यापुरते उघडले, कारण ७७७ हे त्या क्षणी अस्तित्वात असलेल्या फायलींना लागले होते. नंतर जन्मलेल्या फायलींशी त्याचा काही संबंध नव्हता. नवी फाइल कोणती परवानगी घेऊन येणार हे यूमास्क, म्हणजे नव्या फायलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा, ठरवतो: तो ०२२ असेल तर ६६६ मधून तेवढे वजा होऊन ६४४ उरते, म्हणजे लिहिण्याचा अधिकार फक्त मालकाला. शिवाय साध्या मजकुराच्या फायलींनाही ‘चालवण्याची’ परवानगी चिकटली, ती वेगळीच. आणि ज्या कारणासाठी खाती वेगळी केली तेच कारण शिल्लक राहिले. फाइल पुसण्याचा अधिकार फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरात आहे त्यावर लिहिण्याच्या परवानगीवर ठरतो, त्यामुळे ७७७ च्या फोल्डरातून कोणीही कोणाचीही फाइल काढू शकतो. हे मला ठाऊक नव्हते आणि बाबांना तर ते पटायलाच दोन दिवस लागले.

मग ‘घर’ नावाचा गट केला, तिघांना त्यात घातले, फोल्डर त्या गटाच्या नावे केला आणि त्याला २७७० ही परवानगी दिली. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल आपोआप ‘घर’ गटाची होते. यादीत पाहिले तर गटाच्या तीन अक्षरांत एक्सच्या जागी एस दिसतो. एवढे करूनही बाबांना ‘परवानगी नाही’ हाच संदेश येत राहिला. “अगं, गटात माझं नाव आहे म्हणतेस, मग मलाच का हाकलतंय?” असे त्यांनी विचारले आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. गटात नव्याने घातलेल्या माणसाला तो अधिकार पुढच्या लॉगिनपासून मिळतो आणि बाबा लॉगआउट न करता केवळ पडद्यावरून खाते बदलत होते, हे लक्षात यायला एक आख्खी दुपार गेली.

सेटजीआयडीने गट ठरतो, परंतु गटाला लिहिता येईल की नाही हे तरीही यूमास्कच्या हातात राहते. खरा फरक पडला तो डिफॉल्ट एसीएलमुळे, म्हणजे नावानिशी परवानग्या देणाऱ्या आणि नव्या फायलींना आपोआप लागणाऱ्या यादीमुळे. ‘सेटएफएसीएल’ ही आज्ञा दोनदा द्यावी लागते: एकदा आजच्या फायलींसाठी आणि एकदा डिफॉल्टच्या पर्यायासह, पुढे येणाऱ्या फायलींसाठी. परवानगी लिहिताना मोठ्या लिपीतला एक्स वापरला की फोल्डरांत शिरता येते, पण साध्या फायली चालवण्याजोग्या होत नाहीत. फोल्डरला डिफॉल्ट एसीएल असले की तिथे यूमास्क विचारातच घेतला जात नाही. जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे परवानगीवरून एकदाही हाक आली नाही.

ऑक्टोबरात दिवाळी अंकांची मुद्रिते येऊ लागली आणि पुन्हा कुरबुर सुरू झाली. मुलीला छापायला दिलेली फाइल तिच्याकडे उघडेना. ‘गेटएफएसीएल’ने पाहिले तर ‘घर’ गटासमोर वाचा-लिहा असे स्पष्ट होते, पण त्याच ओळीच्या शेवटी ‘इफेक्टिव्ह’ म्हणून तीन नुसत्या आडव्या रेघा होत्या. मूळ फाइल माझ्या डाउनलोडमध्ये ६०० परवानगीने उतरली होती, तिची प्रत करताना तीच मर्यादा मास्क (एसीएलमधील गटाच्या अधिकाराची कमाल सीमा) म्हणून सोबत आली आणि गटाचा अधिकार कागदावरच राहिला. हलवलेल्या फाइलची गोष्ट याहून वाईट आहे: एकाच डिस्कवर फाइल ओढून आणली तर ती आपला जुना गट आणि जुनी परवानगी घेऊन येते, नव्या फोल्डरचे एसीएल तिला लागतच नाही. ते सुधारण्याचा अधिकार फक्त मालकाला किंवा रूटला (संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याला) असल्याने मी शेवटी दर तासाला रूटतर्फे गट आणि एसीएल पुन्हा लावणारी एक ओळ क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत, घातली. हे ठिगळ आहे हे मला मान्य आहे, परंतु बाबांना ‘हलवणे’ आणि ‘प्रत करणे’ यातला फरक शिकवण्यापेक्षा ते सोपे होते.

जानेवारीत जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, सगळे नव्याने टाकले आणि बाबांचे हिशेब मुलीच्या नावे दिसू लागले. फाइलवर मालकाचे नाव नसतेच, क्रमांक असतो. पहिले खाते १०००, दुसरे १००१ असे ते वाढत जातात. या वेळी मी खाती वेगळ्या क्रमाने तयार केली होती. मालकी पुन्हा लावायला अर्धा तास पुरला, परंतु एसीएल मात्र बॅकअपमध्ये आलेच नव्हते, कारण आरसिंक या प्रत करणाऱ्या आज्ञेच्या नेहमीच्या लहान लिपीतल्या ‘ए’ पर्यायात ते येत नाहीत, त्यासाठी मोठ्या लिपीतला ‘ए’ वेगळा द्यावा लागतो. बॅकअप घेणाऱ्याने हे आधीच तपासावे.

पेनड्राइव्हचा एक त्रास अजून आहे. बाबांच्या खात्यात लावलेला पेनड्राइव्ह खाते बदलल्यावर मला उघडता येत नाही, कारण तो लावणाऱ्याच्या नावाच्या फोल्डरात जोडला जातो आणि तो फोल्डर इतरांना बंद असतो. काढून पुन्हा लावणे हाच आमचा उपाय आहे.

ही व्यवस्था मी ठेवणार आहे. तिघांच्या घराला डिफॉल्ट एसीएल जड वाटेल, परंतु नुसत्या गटावर आमचे भागले नाही आणि ७७७ कडे मी परत जाणार नाही. आता उरलेली तक्रार परवानगीची नाही. बाबा हिशेबाची फाइल उघडी ठेवून, खाते तसेच चालू सोडून फिरायला जातात. मग लिब्रेऑफिस मला ती दुसऱ्याकडे उघडी असल्याचे सांगून केवळ वाचायला देऊ करते आणि मी ते परत येईपर्यंत दुसरे मुद्रित हातात घेते.