माजी राज्यपाल पुन्हा रिंगणात? निवडणूक आयोगाचं शपथपत्र पोर्टल कितपत उपयोगी

राजभवनातून परतलेला नेता पुन्हा मतं मागायला आला तर त्याची पारख कशावर करायची? बेळगाव, निपाणी, खानापूरकडे ही चर्चा बहुधा 'साहेबांचं वजन आहे' इथेच थांबते. निवडणूक आयोगाच्या उमेदवार शपथपत्र पोर्टलवर त्याहून पुष्कळ काही हाती लागतं. सेवा फुकट आहे, लॉगिन लागत नाही आणि मोबाईलवरही चालते. आमच्याकडून पाचपैकी साडेतीन गुण.

गुण कापण्याचं पहिलं कारण शोधताना लगेच जाणवतं. निवडणुकीचा प्रकार, राज्य, टप्पा आणि मतदारसंघ या क्रमाने निवडत जायचं असतं. शहराचं नाव 2014 साली अधिकृतपणे बेळगावी झालं, पण मतदारसंघाचं नाव 2008 च्या पुनर्रचनेत होतं तेच, म्हणजे 'बेळगाम', राहिलं. त्यामुळे यादीत 'बेळगावी' शोधलं तर सापडत नाही. लोकसभेला क्रमांक लक्षात ठेवावेत: चिकोडी 1, बेळगाव 2. खानापूर आणि कित्तूरच्या मतदारांचा घोळ याहून मोठा. जिल्हा बेळगाव असला तरी लोकसभेला हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नडमध्ये, म्हणजे क्रमांक 12 मध्ये येतात. जिल्ह्यात विधानसभेच्या 18 जागा आहेत. त्यांपैकी 8 बेळगाव लोकसभेत, 8 चिकोडीत आणि उरलेल्या 2 कारवारच्या बाजूला.

उमेदवाराचं नाव सापडलं तरी पुढे एक अडचण असते. एका मतदारसंघात एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, म्हणून एकाच नावापुढे दोन-तीन शपथपत्रं दिसू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानंतर शपथपत्रात रकाना कोरा सोडता येत नाही. 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावंच लागतं. निवडणूक अधिकाऱ्याने त्रुटी दाखवली की उमेदवार सुधारित शपथपत्र देतो. म्हणून पानावरचा नोटरीचा शिक्का आणि तारीख पाहून सर्वांत अलीकडचं उघडावं.

आता शपथपत्र, म्हणजे नमुना 26. आपल्या भागात ते बरेचदा कन्नडमध्ये टंकलेलं किंवा हाताने भरलेलं असतं आणि पोर्टलवर त्याची स्कॅन केलेली प्रत असते. मजकूर शोधता येत नाही, कॉपीही होत नाही. यावर उपाय सोपा आहे. बाबींचे क्रमांक सगळ्या भाषांत तेच असतात. हिंदी किंवा इंग्रजीतला कोरा नमुना 26 शेजारी ठेवला की कन्नड वाचता न येणाऱ्यालाही बाब 5 म्हणजे प्रलंबित खटले, बाब 7 म्हणजे मालमत्ता आणि बाब 8 म्हणजे देणी एवढं नक्की कळतं. आकडे तर वाचता येतातच. सीमाभागातल्या मराठी मतदाराला या सेवेचा खरा आधार या क्रमांकांचाच आहे.

माजी राज्यपालाच्या बाबतीत तीन ठिकाणी थांबून वाचावं.

पहिलं, बाब 2: उमेदवार मतदार म्हणून कुठे नोंदलेला आहे? राज्यपालपद हे कायद्याने 'घोषित पद' आहे. त्यामुळे पदावर असताना मूळ गावच्या यादीत नाव ठेवता येतं. लोकसभेला देशातल्या कुठल्याही मतदारसंघातला मतदार उभा राहू शकतो. विधानसभेला मात्र त्याच राज्यातला मतदार असावा लागतो. आपल्याकडे हा फरक अगदी रोजच्या व्यवहाराचा आहे. कोल्हापूर किंवा चंदगडच्या यादीत नाव असलेला नेता चिकोडी लोकसभेला अर्ज भरू शकतो, निपाणी विधानसभेला नाही. त्यासाठी नाव कर्नाटकात हलवावं लागतं, आणि अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत भर घालता येत नाही. हरकतींसाठी मुदत द्यावी लागत असल्याने शेवटच्या आठवड्यातली धावपळ बहुधा वाया जाते. दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार असेल तर यादीतल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीच्या वेळी द्यावी लागते. ती नसेल तर अर्ज बाद होतो, मग नाव कितीही मोठं असो.

दुसरं, बाब 5. घटनेच्या अनुच्छेद 361 प्रमाणे पदावर असताना राज्यपालावर फौजदारी कारवाई चालवता येत नाही. म्हणून एखाद्या खटल्याच्या तारखांत पाच वर्षांची पोकळी दिसली तर लगेच संशय घेऊ नये. खटला निकाली निघाला असंही समजू नये. कल्याण सिंह राजस्थानचे राज्यपाल असल्याने बाबरी प्रकरणात त्यांच्यावर 2017 साली आरोप निश्चित झाले नव्हते. ते 2019 मध्ये पद सुटल्यावर झाले, आणि 2020 मध्ये त्यांची निर्दोष सुटका झाली. दोषारोप कधी ठेवले गेले याचा रकाना वेगळा असतो. तो वाचल्याशिवाय पुढचं पान उलटू नये.

तिसरं, बाब 8 मधली सरकारी निवासाची देणी. मागच्या 10 वर्षांत सरकारी निवासात राहिलेल्या उमेदवाराला पत्ता देऊन भाडं, वीज, पाणी आणि दूरध्वनी यांची थकबाकी नसल्याचं लिहावं लागतं, आणि त्याचा दाखलाही जोडावा लागतो. छाननीत वाद निघतो तो इथेच. मात्र दाखला राहिला म्हणून निवडणूक आपोआप रद्द होत नाही. प्रत्यक्ष थकबाकी नव्हती अशा अरुणाचलमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये आमदाराच्या बाजूने निकाल दिला. विरोधकांच्या पत्रकातला आरोप वाचताना हे ध्यानात ठेवावं.

2019 पासून मागच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणांतलं उत्पन्नही द्यावं लागतं. राज्यपालपदाची वर्षं आणि त्यानंतरची वर्षं शेजारी ठेवून तुलना होते. ही सोय उत्तम आहे.

इथपर्यंत पोर्टल कामाचं. ते उमेदवाराची कागदोपत्री बाजू दाखवतं, निवडून येण्याची शक्यता नाही. त्यासाठी नमुना 20, म्हणजे केंद्रनिहाय निकालपत्रक लागतं, आणि ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर वेगळं शोधावं लागतं. शपथपत्र आणि निकाल एकाच नावाखाली जोडलेले नाहीत, ही या सेवेतली सर्वांत मोठी उणीव. मतदाराला एका माणसाची पूर्ण वाटचाल पाहायची असते, आणि नेमकी तीच दोन ठिकाणी विखुरली आहे.

नमुना 20 वाचताना केंद्र क्रमांकावर भरवसा ठेवू नये. दोन निवडणुकांच्या मध्ये केंद्रांची फेररचना होते आणि क्रमांक सरकतात. शाळेच्या नावावरून, मतदान केंद्रांच्या यादीशी ताडून जुळवणी करावी. टपाली मतं शेवटी वेगळी असतात, ती विसरली की बेरीज चुकते.

बेळगावात तिसऱ्या उमेदवाराचा रकाना तर सोडूच नये. 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत मंगला अंगडी 5,240 मतांनी जिंकल्या, आणि त्याच निवडणुकीत महाराष्ट्र एकीकरण समिती पुरस्कृत उमेदवाराला 1 लाख 17 हजारांवर मतं पडली. पुनरागमन करणाऱ्या नेत्याचं गणित अशा मतांना सोडून मांडलं तर ते अर्धवटच.

पूर्वीचे दाखले काय सांगतात? थेट लोकांतून परतणं अवघड. केरळच्या राज्यपाल राहिलेल्या शीला दीक्षित 2019 मध्ये ईशान्य दिल्लीत हरल्या. मिझोरामचं पद सोडून आलेले कुम्मनम राजशेखरन त्याच वर्षी तिरुवनंतपुरमला, आणि तेलंगणाचं पद सोडून आलेल्या तमिळिसाई सौंदरराजन 2024 मध्ये दक्षिण चेन्नईत पडल्या. उलट उत्तराखंडच्या राज्यपाल राहिलेल्या बेबी राणी मौर्य 2022 मध्ये आग्रा ग्रामीणमधून आमदार झाल्या.

आपल्या जवळची दोन उदाहरणं अधिक बोलकी आहेत. एस. एम. कृष्णा 2004 ते 2008 महाराष्ट्राचे राज्यपाल होते. ते राज्यसभेतून परतले आणि 2009 मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. सुशीलकुमार शिंदे आंध्रचं राज्यपालपद सोडून 2006 मध्ये केंद्रात मंत्री झाले, राज्यसभेत गेले आणि मगच 2009 मध्ये सोलापूरातून लोकसभेला निवडून आले. त्यांनाही 2014 आणि 2019 मध्ये तिथेच हार पत्करावी लागली. म्हणजे वरच्या सभागृहाची वाट आधी, मतदारसंघ नंतर. कर्नाटकात राज्यसभेच्या चार जागांची निवडणूक असेल आणि 224 आमदारांनी मत दिलं तर एका जागेला पहिल्या पसंतीची 45 मतं लागतात. तेवढे आमदार पक्षाकडे आहेत का आणि पक्ष ती मतं या नेत्यासाठी खर्च करणार का, हे आधी पाहावं. बाकी अंदाज त्यानंतर.

एक गल्लत होते तीही सांगायला हवी. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो, म्हणजे तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. जेरी ब्राऊन 1983 साली कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद सोडून 2011 मध्ये त्याच पदावर परतले. ती तुलना आपल्या राज्यपालांना लागू पडत नाही, माजी मुख्यमंत्र्यांना पडते. जगदीश शेट्टर 2023 मध्ये हुबळीत विधानसभा हरले आणि 2024 मध्ये बेळगावातून 1,78,437 मतांनी खासदार झाले. नेता बाहेरचा होता, पक्षाची बांधणी मात्र इथली होती.

पोर्टल उघडायचा योग्य दिवस छाननीनंतरचा, आणि अंतिम यादीसाठी माघारीच्या मुदतीनंतरचा. शपथपत्र तेव्हाच उतरवून ठेवावं. पुढच्या निवडणुकीत ते जुन्या संग्रहात शोधावं लागतं आणि तिथे नावांची रोमन स्पेलिंग दर वेळी वेगळी असते. फाईलला मतदारसंघ क्रमांक, वर्ष आणि उमेदवाराचं नाव देवनागरीत द्यावं, म्हणजे पाच वर्षांनी दोन्ही शपथपत्रांची बाब 7 शेजारी शेजारी लावता येते.